दोन सवती आणि एक बार

नागपुरातल्या मानेवाड्यातील आमच्या सोसायटीने मे महिन्याच्या शिबिरात मुलांना जिम्नॅस्टिक्सही शिकवायचे ठरवले आणि त्यासाठी लटकायचा आडवा बार निवडण्याचे काम माझ्याकडे आले; कारण चाळीस वर्षांपूर्वी महाल भागातल्या एका आखाड्यात मी डबलबारवरून पडलो होतो, हे समितीने माझ्याच तोंडून अनेकदा ऐकले होते. समितीची अट एकच होती. समाजभवन कधी बारशासाठी, कधी तेरवीसाठी द्यावे लागते, तेव्हा बार हलवता आला पाहिजे, परंतु मूल लटकल्यावर तो हलता कामा नये. ही एक अट नसून एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या दोन सवती आहेत, हे मला तेव्हा उमगले नाही.

स्पर्धेतल्या बारला हा पेच पडत नाही. तिथला सिंगलबार जमिनीपासून 280 सेंटीमीटर उंच असतो आणि पोलादी तारांनी जमिनीशी जखडलेला असतो. आम्ही हूक ठोकण्याचा विषय काढताच सचिवांनी नव्या फरशीचे बिल वाचून दाखवले.

मग मी सीताबर्डीवर गेलो. पहिल्याच दुकानातला बार मी एका हाताने उचलला आणि हरखलो. विक्रेता म्हणाला, ‘‘पन्नास किलोची क्षमता आहे, काका.’’ ती स्वस्थ लटकलेल्या पन्नास किलोंची की झोका घेणाऱ्या, असे मी विचारल्यावर त्याने चहा मागवला. प्रश्न मात्र चहावर निभावणारा नव्हता. आडव्या स्थितीतून सुटलेला झोका तळाशी येतो तेव्हा दांड्यावर वजनाच्या सुमारे तिप्पट ओढ पडते. म्हणजे तीस किलोची मुलगी क्षणभर नव्वद किलोंची होते, आणि पाया आखूड असेल तर तिच्यासोबत बारही कोलांटी मारतो.

खजिनदारांच्या ओळखीचा वेल्डर अधिक उदार निघाला.

‘‘काऊन घाबरता साहेब? असा बनवून देतो का हलनारच नाही.’’

‘‘पण आम्हाला तो हलवायचा आहे.’’

‘‘मंग ट्रॅक्टर सांगा ना जी.’’

त्याच्याकडचा पाइप दोन इंची होता. पुरुषांच्या सिंगलबारचा दांडा 28 मिलिमीटर जाडीचा असतो आणि मुलींच्या अनइव्हन बारचा, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या दोन दांड्यांच्या बारचा, 40. दोन इंचांना सहा वर्षांच्या मुलाचा अंगठा वळसाच घालू शकत नाही. शिवाय तो बार अंगणात रोवायचा होता, आणि 45 अंशांच्या दुपारी तापलेल्या लोखंडाला हात लावणारे मूल कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय उडी मारते.

अखेर फायबरग्लासच्या गाभ्यावर लाकडाचा थर असलेला, रुंद पायाचा, उंची कमीजास्त करता येणारा बार ठरला. गाद्या घरोघरून आणाव्यात, ही खजिनदारांची सूचना मी फेटाळली, कारण कापसाच्या गादीत पाऊल रुतून घोटा मुरगळतो. जिम्नॅस्टिक्सच्या मॅटांची किंमत ऐकून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात समाजभवनात तेरवी आली. बार उकलण्याचा पाना प्रशिक्षिकेच्या पर्समध्ये होता आणि प्रशिक्षिका अमरावतीला होत्या. न उकलता तो दारातून जाईना, म्हणून त्यावर पांढरी चादर टाकून आम्ही तो कोपऱ्यात सरकवला. जेवण झाल्यावर गुरुजींनी आपले ओले उपरणे त्यावर वाळत घातले, चादरीखाली काय आहे याची चौकशी केली आणि निघता निघता दांडा दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. तो हलला नाही.