‘युरोपात ओढतात, मग इथं का नाही?’ : टीअरड्रॉप आणि छोटी गाडी

उन्हाळा तोंडावर आला की अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: “टीअरड्रॉप ट्रेलर जेमतेम १,००० पौंडांचा. कोरोला, सिव्हिक, काहीही चालतं. मॅन्युअलमधलं ‘ट्रेलर ओढू नका’ हे वकिलांचं काम, युरोपात हीच कोरोला ट्रेलर ओढते. २,००० पौंडांची हिच बसवून घ्या. गाडीची मागची बाजू दबू नये म्हणून जड सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ठेवा. ब्रेकची गरज नाही. आकारच थेंबासारखा, त्यामुळे वारा लागत नाही. मागे काही आहे हे कळतही नाही.”

टीअरड्रॉप म्हणजे अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा, आत दोघांपुरती गादी आणि मागचं झाकण उचललं की ओटा, असा छोटा ट्रेलर. हिच म्हणजे तो जोडायला गाडीच्या मागे बसवायची लोखंडी जोडणी. १९३०च्या दशकात अमेरिकेत लोकांनी तो घरच्या घरी प्लायवूडचा बांधायला सुरुवात केली. छोट्या गाडीनं ओढायला यापेक्षा बरा ट्रेलर मिळणं कठीण, हे खरंच आहे. त्यासाठी पिकअपच हवा असं म्हणणारेही चुकतात. पण वरच्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे आणि सामानाबद्दलचं तर सरळ धोकादायक आहे.

“युरोपात हीच गाडी ओढते”

ओढते, पण किती आणि कशी? ब्रिटनमध्ये १.८ लिटर हायब्रिड कोरोलाला ब्रेक असलेला ट्रेलर ७५० किलोपर्यंत चालतो आणि बिनब्रेकचा ४५० किलोपर्यंत. ४५० किलो म्हणजे ९९२ पौंड. मजकुरातला १,००० पौंडांचा बिनब्रेकचा ट्रेलर त्यात रिकामासुद्धा बसत नाही. युरोपचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

दुसरं, तिथले आकडे तिथल्या वेगांसाठी आहेत. जर्मनीत ट्रेलर लावला की मर्यादा ताशी ८० किलोमीटर, वेगळी मंजुरी घेतली तर १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवरही ६० मैल. कमी वेगात ट्रेलर कमी डुलतो, म्हणून ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, पडणारा भार, म्हणजे टंग वेट, तिथं कमी ठेवूनही भागतं. जर्मन नियमात तो ट्रेलरच्या वजनाच्या निदान ४ टक्के असला की पुरतो. अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात, कारण इथं ७० मैलांनी जाणारे ट्रेलर रोज दिसतात. टंग वेट तिप्पट झालं की तेवढा भार गाडीच्या मागच्या आसावर, स्प्रिंगांवर आणि हिच जिथं बोल्टनं बसते त्या पत्र्यावर येतो. तीच गाडी, पण काम वेगळं.

वकिलांचा मुद्दा निव्वळ खोटा नाही. इथं ओढणाऱ्याला ट्रक विकायला कंपन्या उत्सुक असतात आणि छोट्या गाडीची त्यासाठी चाचणी करण्यात त्यांना रस नसतो. पण कोरोलाच्या अमेरिकी मॅन्युअलमध्ये ट्रेलरच नव्हे, तर हिचला लावायचं सायकल कॅरियरसुद्धा नको म्हटलं आहे. उद्या गिअरबॉक्स गेला किंवा अपघात झाला, तर वॉरंटी किंवा विमा पाहणारा माणूस ब्रिटनचं मॅन्युअल उघडणार नाही.

त्यामुळे प्रश्न ‘छोटी गाडी चालेल का’ हा नाहीच. प्रश्न ‘कोणती छोटी गाडी’ हा आहे. क्रॉसट्रेक, सीआर-व्ही, राव्ह-४ यांच्या पेट्रोल आवृत्त्यांना बरीच वर्षं १,५०० पौंडांची मान्यता होती, सीएक्स-५ला २,०००. मॉडेल, वर्ष आणि इंजिन बदललं की आकडा बदलतो. सीआर-व्हीच्या हायब्रिडचा पेट्रोलवालीपेक्षा कमी आहे. म्हणून आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

“जेमतेम १,००० पौंड”

हा माहितीपत्रकातला रिकाम्या ट्रेलरचा आकडा. आता सामान भरू. लेड-अॅसिड बॅटरी ५० पौंड. बारा गॅलन पाणी १०० (गॅलनला ८.३४ पौंड). बर्फासकट कूलर ६०. भरलेला प्रोपेनचा सिलिंडर ३७. त्यात गॅस २० पौंड, बाकी लोखंड. शेगडी, कुकर, भांडी, किराणा ४०. गादी-पांघरुणं ४०. खुर्च्या, टेबल, कनात ६०. जादा चाक ३५. एकूण ४२२. म्हणजे १,००० चे १,४२२ झाले. १,५०० ची मर्यादा असलेल्या गाडीत आता ७८ पौंड उरले आणि पोरांच्या सायकली अजून अंगणातच आहेत. पाणी कॅम्पग्राउंडवर भरलं तर शंभर पौंड एका फटक्यात वाचतात.

दुसरी मर्यादा कोणी पाहतच नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळी-पांढरी चिकटपट्टी दिसते: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. समजा तिथं ८५० आहे. चौघं मिळून ६००, बॅगा ८०, हिच आणि बॉल माउंट (बॉल धरणारा दांडा) ३५, टंग वेट १४०. झाले ८५५. ट्रेलर मर्यादेत बसला, पण गाडीच मर्यादेबाहेर गेली.

शिवाय टंग वेट मागच्या चाकांवर जसंच्या तसं पडत नाही, तरफेसारखं पडतं. चाकांच्या आसांतलं अंतर १०६ इंच आणि बॉल मागच्या आसाच्या ४५ इंच मागे असेल, तर १४० पौंडांनी पुढची चाकं सुमारे ५९ पौंडांनी हलकी होतात आणि मागच्या आसावर १९९ पौंड वाढतात. छोट्या गाड्या बहुधा पुढच्या चाकांनी चालतात. ओल्या चढावर त्याच चाकांची पकड कमी होते. दिवे वर उचलले जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळंच.

अंदाजापेक्षा काटा बरा. ट्रक स्टॉपवरच्या ‘कॅट स्केल’ या मोठ्या वजनकाट्यावर गाडीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरची चाकं असे तीन आकडे वेगळे मिळतात. सगळं भरून, सगळ्यांना गाडीत बसवून तोलावं.

“जड सामान मागे ठेवा”

संपूर्ण मजकुरात हा सल्ला सर्वात घातक आहे. गंमत अशी की टीअरड्रॉपचा आकारच तुम्हाला ही चूक करायला लावतो, कारण ओटा मागे, म्हणजे कूलर, भांडी, शेगडी सगळं आसाच्या मागे.

हिशेब करून पाहा. बॉलपासून ट्रेलरच्या आसापर्यंत ११० इंच. रिकामा ट्रेलर १,००० पौंड, टंग वेट १३०, म्हणजे १३ टक्के, उत्तम. ओट्यात आसाच्या ३५ इंच मागे ८० पौंड ठेवले. टंग वेट ८० × ३५ ÷ ११०, म्हणजे २५ पौंडांनी घटलं. उरलं १०५, सुमारे पावणेदहा टक्के, ठीक. आता मागच्या झाकणाबाहेर रॅकवर दोन सायकली लावल्या, रॅकसकट ९० पौंड, आसाच्या ६० इंच मागे. आणखी ४९ गेले. उरले ५६, आणि ट्रेलर झाला १,१७० चा. पाच टक्क्यांच्याही खाली. गाडीची मागची बाजू छान वर दिसते आणि मालक खूश होतो.

या ट्रेलरला ५० मैलांवर काही होत नाही. ६५ वर शेजारून मोठा ट्रक गेला की शेपूट हलतं. टंग वेट पुरेसं असेल तर ते दोन-तीन हेलकाव्यांत शांत होतं. नसेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि हलक्या, आखूड गाडीचं बूड ट्रेलर इकडून तिकडे फेकू लागतो. उतारावर हे लवकर होतं, कारण तिथं ट्रेलर गाडीला ढकलत असतो.

असं झालंच तर अॅक्सेलरेटरवरून पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरायचं, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर फक्त तेच गाडीत बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरवरून हातानं लावायचे. गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलर आणखी ढकलतो. उलटं स्टिअरिंग मारून हेलकावा पकडू पाहणारा माणूस प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदानं मागे असतो आणि हेलकाव्याला भरच घालतो. वेग वाढवून ‘खेचून सरळ करा’ हा सल्लाही ऐकू येतो. तो विसरून जावा.

उपाय निघण्याआधीचा आहे. सायकली गाडीच्या टपावर न्याव्यात (वजन चिकटपट्टीच्या हिशेबात धरून). बॅटरी आणि पाण्याचा कॅन मिळून ६० पौंड पुढच्या पेटीत, आसाच्या ९० इंच पुढे ठेवले तर टंग वेट ४९ नं वाढतं. वरच्या उदाहरणात सायकली काढून एवढं केलं की १५४ होतं, म्हणजे साडेतेरा टक्के. कूलर ओट्यात न ठेवता प्रवासात आतल्या जमिनीवर, आसाच्या किंचित पुढे ठेवावा. मात्र गाडीची टंग वेटची मर्यादा १५० असेल तर १५४ चालणार नाही. थोडं मागे सरकवावं लागेल. दोन्ही बाजूंनी कुंपण आहे.

मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. सपाट जागा, ट्रेलरच्या चाकांना उटी, कपलर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) प्रवासात असतो त्याच उंचीवर. काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून त्यावर कपलर टेकवायचा आणि जॅक जमिनीवरून उचलायचा. सामान हललं की पुन्हा मोजायचं. परतीच्या दिवशीही, कारण तेव्हा कोणी विचार करून भरत नाही.

“२,००० पौंडांची हिच बसवा”

हा आकडा हिचचा आहे, गाडीचा नाही. सव्वा इंची रिसीव्हरच्या (बॉल माउंट घालायच्या चौकोनी नळीच्या) क्लास १ हिचवर २,००० पौंड आणि टंग वेट २०० लिहिलेलं असतं. गाडी, हिच, बॉल माउंट, बॉल, कपलर, टायर यांत जो आकडा सर्वात लहान तोच आपला.

बॉल नीट पाहून घ्यावा. लहान ट्रेलरचा कपलर पावणेदोन नव्हे, १ ७/८ इंचाचा किंवा २ इंचाचा असतो. २ इंची कपलर १ ७/८ इंची बॉलवर बसतो, खटकाही लागतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. खटका लावल्यावर ट्रेलरचा जॅक थोडा वर फिरवावा. गाडीची मागची बाजूही वर आली तर पकड खरी. साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या अडकवायच्या, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा निसटला तरी रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

दिव्यांसाठी चपटा चार पिनी जोड लागतो: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा इंडिकेटर-ब्रेक, हिरवी उजवा. हल्लीच्या गाड्यांत या तारा दिव्यांच्या वायरिंगला थेट जोडू नयेत. नियंत्रण मॉड्यूल जळू शकतं. बॅटरीवरून फ्यूजसकट वीज घेणारा कन्व्हर्टर बसवावा. डावा इंडिकेटर दिला की सगळेच दिवे लुकलुकायला लागले तर आधी पांढरी तार जिथं चौकटीला बसते तो गंजलेला स्क्रू घासावा.

“ब्रेकची गरज नाही”

कायद्याचं उत्तर राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरला एकूण १,५०० पौंड वजनापासून ब्रेक सक्तीचे आहेत. पण कायदा किमान सांगतो. ३,७०० पौंडांच्या भरलेल्या गाडीमागे १,४०० चा बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे थांबवायचं वजन ३८ टक्क्यांनी जास्त, आणि थांबायला लागणारं अंतरही साधारण त्याच प्रमाणात वाढतं. लांब उतारावर ब्रेक तापतात ते आणखी वेगळं. तिथं वर पोहोचल्यावरच खालचा गिअर घ्यावा, अर्ध्या उतारावर नाही. इलेक्ट्रिक ब्रेक लावायचे तर कंट्रोलर आणि चारऐवजी सात पिनांचा जोड लागतो. ट्रेलर विकत घेतानाच ब्रेकसह घेणं सोपं, नंतर बसवणं कटकटीचं.

“वारा लागत नाही, मागे आहे हे कळतही नाही”

कोरोला सेडानची उंची साडेछप्पन्न इंच, टीअरड्रॉप सहज ६६. वरचे दहा इंच वाऱ्यातच. मोठी चाकं आणि टपावर तंबू असलेली ऑफ-रोड आवृत्ती तर भिंतच. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो: ६० ऐवजी ७५ नं गेलात तर ५६ टक्के जास्त. त्यातून कॅलिफोर्नियात ट्रेलरसह मर्यादा ५५ आहे, आणि वेगाची खूण नसलेले एसटी (स्पेशल ट्रेलर) टायर ६५ मैलांपर्यंतचेच धरावेत.

चढावर खरी परीक्षा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या तेलाची. लास व्हेगसला जाताना कॅलिफोर्नियातल्या बेकर गावाच्या पुढे सुमारे १७ मैलांत तीन हजार फूट चढ आहे, तोही वाळवंटात. सुबारूच्या काही मॅन्युअलमध्ये १०४ अंश फॅरनहाइटच्या वर, पाच मैलांहून लांब सलग चढावर ट्रेलरची मर्यादा निम्मीच सांगितली आहे. असा चढ पहाटे गाठावा.

उरलं ते ‘कळतही नाही’. मागे घेताना कळतं. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा फार पटकन वळतो आणि सेडानच्या आरशांत तो दिसायला लागेपर्यंत गाडीवर दुमडलेला असतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे. एका वेळी फूटभरच, आणि कोन वाढला की पुढे जाऊन सरळ करायचं. नाहीच जमलं तर ट्रेलर सोडवून दोघांनी हातानं ढकलावा. हजार-चौदाशे पौंड सपाट जागेवर हलतात.

आणि दारात कोरोलाच असेल तर? भाड्यानं ट्रेलर देणारे बरेच मालक तो कॅम्पग्राउंडवर आणून लावतात आणि परत नेतात. वेळ ठरवताना पाणी भरून ठेवायला तेवढं सांगावं.