खुलासा : आपला मोगली डिस्नेचा नव्हे
'दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचा तो मोगली डिस्नेचा,' असा मेसेज सध्या फिरतोय. तसं नाही. डिस्नेचा चित्रपट १९६७ चा. आपण पाहिली ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ ची, ५२ भागांची. आपल्याकडे ती हिंदीत डब होऊन आली. शीर्षकगीत मात्र अस्सल इथलं! शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. मूळ जपानी मालिकेत ते नाहीच. आणि शेरखानचा तो आवाज? आपल्या नाना पाटेकरांचा. तो ऐकला की मी आईच्या पदराआड लपायचे. परवा लेकीबरोबर जुने भाग पुन्हा पाहिले, तीही मला तश्शीच बिलगली. मेसेज पुढे पाठवताना तेवढं डिस्नेचं नाव काढा.