वेट ड्रीम म्हणजे नुसतं 'गोड स्वप्न' नाही
कुणीतरी 'हा कॅमेरा म्हणजे फोटोग्राफरचं वेट ड्रीम' या वाक्यातल्या वेट ड्रीम या इंग्रजी शब्दाचा अर्थ गोड स्वप्न असा दिलाय, तो अर्धाच आहे. मूळ अर्थ झोपेत आपोआप वीर्य बाहेर पडणं, ज्याला आपल्याकडे स्वप्नदोष किंवा नाईटफॉल म्हणतात, आणि त्यावरूनच एखाद्याला वेड लागेल इतकी हवीहवीशी वाटणारी गोष्ट असा लाक्षणिक अर्थ आला. मित्रांत चालतं, पण ऑफिसच्या मेलमधे किंवा घरच्यांसमोर कृपया वापरू नका, शब्द अश्लीलच धरतात. आणि स्वप्नदोषातला 'दोष' मला खरंच खटकतो, कारण ही शरीराची नॉर्मल क्रिया आहे, त्याने अशक्तपणा येत नाही, तरी त्या एका शब्दामुळे कितीतरी पोरं आपल्याला आजार झालाय समजून गुपचूप घाबरत बसतात!