शुक्रवारचा फुटबॉल, हिवाळ्यातला बास्केटबॉल

ओहायो राज्यात, क्लीव्हलंडहून अ‍ॅक्रनकडे जाताना लागणाऱ्या आमच्या उपनगरात ज्याला आम्ही कट्टा म्हणतो, ती दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची, वाचनालयाच्या हिरवळीला लागून असलेली विटांची बुटकी भिंत आहे. जुलैत इथे रात्री 9 वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणे आटोपून फिरायला निघालेली आम्ही पाच-सहा मराठी माणसे तिथे टेकतो आणि एकमेकांना नावाऐवजी गावावरून हाक मारतो. गेल्या शनिवारी पुणेकर आणि वहिनी आले तेच एक प्रश्न घेऊन, आणि त्या प्रश्नाने पुढचे दोन तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला जागा उरू दिली नाही.

त्यांचा मुलगा या ऑगस्टमध्ये 11वीत जाईल. त्याची उंची 6 फूट 3 इंच आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात तो 10वीपासून पहिल्या पाचांत खेळतो आणि दोन मध्यम विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याचा खेळ पाहून गेले आहेत. आता शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी त्याला पुन्हा बोलावले आहे. हा फुटबॉल अर्थात इथला, शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून अंडाकृती चेंडूने खेळायचा. 9वीत तो वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणून खेळला होता, 10वीत बास्केटबॉलसाठी त्याने तो सोडला आणि आता त्याला परत जायचे आहे. मात्र उन्हाळ्यात ज्या एएयू, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब बास्केटबॉलच्या, संघातून तो राज्याबाहेर खेळतो, त्या संघाच्या प्रशिक्षकांनी बजावले आहे की विद्यापीठांच्या नजरेत असलेले पोर फुटबॉलच्या मैदानावर उतरवणे म्हणजे हातातली शिष्यवृत्ती घालवणे होय.

"तुम्ही काय कराल ते सांगा," पुणेकर म्हणाले. "सराव 1 ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे माझ्याकडे जेमतेम दोन आठवडे आहेत."

कोल्हापूरकरांना विचार करायला वेळ लागला नाही. ज्या शहरात कुस्तीच्या तालमींच्या नावानेच फुटबॉलचे संघ उभे राहिले, त्या शहरात वाढलेल्या माणसाला एका अंगाला दोन खेळ जड होतात हे पटणे कठीण आहे. त्यांनी लगेच दक्षिणेकडे हात केला. "इथून अर्ध्या तासावर अ‍ॅक्रन आहे. लेब्रॉन जेम्स त्या गावातल्या सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी शाळेत तीन हंगाम फुटबॉल खेळला आणि 10वीत असताना वाइड रिसीव्हर म्हणून राज्याच्या निवडक संघात आला. 2003 साली एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो पहिला होता. फुटबॉलने त्याचे काय बिघडले?"

"शेवटच्या वर्षी त्याने फुटबॉल सोडला, हे सांगायचे राहिले," नागपूरकर म्हणाले. आमच्यात बास्केटबॉल सर्वांत बारकाईने पाहणारे तेच आहेत. "आणि लेब्रॉनचे उदाहरण आपल्या मुलाला कसे लावता येईल? तो एका पायावर खेळला असता तरी विद्यापीठांनी त्याच्यासाठी रांग लावली असती. ज्याच्या नावावर अजून एकही लेखी प्रस्ताव नाही, त्याचे गणित वेगळे असते."

नागपूरकरांचा हा मुद्दा मला त्या रात्रीचा सर्वांत वजनदार मुद्दा वाटला, पण त्यातली एक गोष्ट अर्धवट राहिली होती. लेब्रॉनने 12वीत फुटबॉल खेळला नाही हे खरे आहे. परंतु त्याआधीच्या, 2002च्या उन्हाळ्यात त्याचे डावे मनगट मोडले होते, आणि ते मोडले बास्केटबॉलच्या एएयू सामन्यात, बास्केटकडे झेपावताना खाली पडून. फुटबॉलच्या तीन हंगामांत जे घडले नाही, ते 'सुरक्षित' समजल्या जाणाऱ्या उन्हाळी बास्केटबॉलमध्ये घडले. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही हे मला समजते. पण आपण तुलना कशाशी करतो आहोत, हे त्यावरून नीट दिसते. हा मुलगा फुटबॉल खेळला नाही, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात घरी पाय पसरून विश्रांती घेणार नाही. तो शरद ऋतूतल्या बास्केटबॉल लीगमध्ये जाईल, शनिवार-रविवारी चार-चार सामने खेळेल, आणि नोव्हेंबरात शाळेचा हंगाम सुरू होईल तेव्हा त्याच गुडघ्यांवर, त्याच उड्या मारत उतरेल.

मी हे बोललो तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली, याचे मला आश्चर्य वाटले, कारण ते फुटबॉलच्या विरोधात बोलणार याची मला खात्री होती. ते अस्थिरोगतज्ज्ञ आहेत आणि अशी मुले त्यांच्याकडे रोज येतात. "गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध वर्षभर त्याच त्या उड्यांनी दुखावतो," ते म्हणाले. "15-16 वर्षांच्या बास्केटबॉलपटूला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की गेल्या वर्षात तू सलग एक महिना तरी हा खेळ थांबवलास का, आणि बहुतेकांचे उत्तर नाही असे असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने 2016 साली सांगितले आहे की आपल्या मुख्य खेळापासून मुलाने वर्षातून एकूण 3 महिने, हवे तर एकेका महिन्याच्या तुकड्यांत, दूर राहावे. एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णयही 15-16 वर्षांपर्यंत लांबवावा, असे तीच संस्था म्हणते."

"मग झाले तर," कोल्हापूरकर म्हणाले.

"झाले नाही. हा मुलगा 16 वर्षांचा आहे, म्हणजे ती मर्यादा त्याने गाठलेली आहे. आणि विश्रांती म्हणून दुसरा खेळ निवडायचा, तर तो फुटबॉलच का? शालेय मुलांच्या खेळांत डोक्याला मार बसून कन्कशन होण्याचे प्रमाण फुटबॉलमध्ये सर्वाधिक आहे. गुडघा मी दुरुस्त करू शकतो. मेंदू दुरुस्त करणारा शल्यविशारद मला माहीत नाही."

यानंतर बराच वेळ फक्त डॉक्टर बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली, मृत्यूनंतर दान केलेल्या 202 फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याची माहिती त्यांनी दिली. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांपैकी 110 जणांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार आढळला होता, तर ज्यांचा फुटबॉल शाळेतच संपला अशा 14 जणांपैकी 3 जणांत तो होता. हे आकडे सगळ्या खेळाडूंना लावता येत नाहीत, हेही त्यांनी स्वतःच स्पष्ट केले. ज्या कुटुंबांना आपल्या माणसात काही बिघाड जाणवला होता तीच बहुधा मेंदूदान करतात, त्यामुळे तो नमुना मुळातच एका बाजूला झुकलेला आहे. "पण 14तले 3 हे शून्य नाहीत," एवढे बोलून ते थांबले. वहिनींनी तो आकडा पुन्हा विचारून घेतला.

पुणेकरांची चिंता मात्र तेव्हाही शिष्यवृत्तीभोवतीच फिरत होती, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येत नाही. इथल्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च ज्यांनी मोजला आहे त्यांना ते समजेल. त्यांनी हिशेब मांडला. पूर्वी विद्यापीठीय क्रीडेच्या पहिल्या श्रेणीत पुरुष बास्केटबॉलच्या एका संघाला 13 शिष्यवृत्त्या देता येत, तर फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावरच्या संघाला 85. 2025 साली न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत संघसंख्येची मर्यादा बास्केटबॉलला 15 आणि फुटबॉलला 105 झाली. "म्हणजे एक दार अरुंद आहे आणि दुसरे सहा-सात पट रुंद," पुणेकर म्हणाले. नागपूरकरांनी भर घातली की अरुंद दारातही आता गर्दी वाढली आहे, कारण एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे खेळाडूंना सोपे झाल्यापासून प्रशिक्षक शाळकरी मुलाऐवजी 21-22 वर्षांचा, दोन-तीन हंगाम खेळलेला गडी घेणे पसंत करतात. त्यांच्या मते म्हणूनच मुलाने एका खेळावर सगळा जोर लावला पाहिजे. मला मात्र नेमक्या याच माहितीवरून उलटा निष्कर्ष काढावासा वाटला: अरुंद दारापुढे उभे असताना दुसरे दार स्वतःच्या हाताने लावून घेण्यात शहाणपण कसले?

इथे अँटोनियो गेट्सची गोष्ट सांगावीच लागली. डेट्रॉइटमधल्या शाळेत तो दोन्ही खेळ खेळायचा आणि विद्यापीठातही दोन्ही खेळता येतील म्हणून मिशिगन स्टेटला गेला. तिथले फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन यांना त्याने फक्त फुटबॉल खेळावा असे वाटत होते, म्हणून तो तिथून निघाला. अखेर तो आमच्या शेजारच्या केंट स्टेटला आला आणि 2002 साली त्या छोट्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचला. पण त्याची उंची 6 फूट 4 इंच होती, आणि ज्या जागेवर तो खेळत होता त्या जागेसाठी एनबीएला ती अपुरी होती. विद्यापीठात एकही फुटबॉल सामना न खेळलेल्या या मुलाला 2003 साली एनएफएलच्या सॅन डिएगो चार्जर्स संघाने टाइट एंड, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू, म्हणून घेतले. त्याने तिथे गुण मिळवून देणारे 116 टचडाउन झेल घेतले, जे त्या जागेवरच्या कोणत्याही खेळाडूपेक्षा अधिक आहेत, आणि 2025 साली तो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. रिबाउंडसाठी, म्हणजे नेम हुकून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून धरणे आणि चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना दोन्ही हातांनी हिसकावणे, हे बास्केटबॉलमध्ये घोटलेले कसब त्याला फुटबॉलमध्ये जसेच्या तसे वापरता आले. पण शाळेत फुटबॉल खेळलेला नसता, तर ते कसब तिथे चालेल हे त्याला आणि इतरांना कसे कळले असते?

नागपूरकरांनी यावर व्हर्जिनियातले हॅम्पटन गाव पुढे केले, आणि त्यांचे उदाहरण खरोखर चपखल होते. त्या एकाच गावातून ॲलन आयव्हरसन आणि रोनाल्ड करी असे दोन क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून फुटबॉल संघाचा डाव चालवणारे खेळाडू, आले, आणि दोघेही बास्केटबॉलमध्ये देशभर नावाजलेले होते. आयव्हरसनने 1992-93च्या शालेय वर्षात बेथेल शाळेला फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींत राज्यविजेतेपद मिळवून दिले आणि 1996 साली तो एनबीएच्या निवडीत पहिला ठरला. करीने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दोन्ही खेळ चालू ठेवले, 1999 साली फुटबॉल सामन्यात त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला, आणि एनबीएचे दार त्याला कधीच उघडले नाही; तो पुढे एनएफएलमध्ये रिसीव्हर म्हणून खेळला. "आयव्हरसन सगळ्यांना आठवतो, करी कुणालाच नाही," नागपूरकर म्हणाले. "आपण तरून गेलेल्यांचीच मोजदाद करतो."

हे ऐकून मी थोडा गप्प झालो, कारण माझ्या सगळ्या उदाहरणांवर तो आक्षेप लागू होता. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. करीने दोन खेळ विद्यापीठात खेळले, जिथे प्रत्येक खेळ पूर्ण वेळेची नोकरी असतो. शाळेत मात्र वेळापत्रकानेच सोय केलेली आहे: फुटबॉलचे साखळी सामने ऑक्टोबरअखेर संपतात, बास्केटबॉलचा सराव नोव्हेंबरात सुरू होतो, आणि संघ बाद फेरीत फार पुढे गेला तरच काही आठवडे एकमेकांवर चढतात. फुटबॉलहून आलेल्या मुलाला बास्केटबॉलचा दम आणि नेमबाजीचा हात परत मिळवायला डिसेंबरचे पहिले काही सामने जातात, हे मान्य केले पाहिजे. पण त्या प्रशिक्षकांनी मुलाला पारखले ते जुलैमध्ये, आणि पुढेही ते मुख्यतः उन्हाळ्यातच पाहायला येतील. शुक्रवार रात्रीचे दहा फुटबॉल सामने त्यांच्या पाहण्याच्या आड कुठे येतात, ते मला कुणी दाखवू शकले नाही. एएयू प्रशिक्षकांच्या इशाऱ्यामागे मुलाच्या हिताबरोबर स्वतःच्या शरद हंगामातल्या संघाचीही काळजी असू शकते, असे मी बोललो, आणि पुणेकरांनी ते नाकारले नाही.

वहिनी तोवर फार कमी बोलल्या होत्या. "तुम्ही सगळे तो कुठे पोहोचेल हे मोजता आहात," त्या म्हणाल्या. "10वीत त्याने फुटबॉल सोडला, त्या वर्षी दर शुक्रवारी तो प्रेक्षकांत बसून घरी यायचा आणि न जेवता झोपायचा. मैदानावर असलेली निम्मी मुले तिसरीपासून त्याची मित्र आहेत. शाळेचा वाद्यवृंद वाजतो आहे, अख्खे गाव आलेले आहे, आणि हा बाकावर बसला आहे. मला शिष्यवृत्ती हवी आहे, पण ते वर्ष मला परत नको आहे."

मी त्या मुलाला तो पाच वर्षांचा असल्यापासून, गॅरेजवरच्या बास्केटकडे दोन्ही हातांनी चेंडू फेकताना पाहिले आहे, त्यामुळे माझे मत तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. त्याने या वर्षी फुटबॉल खेळावा असे मला वाटते. शरद ऋतूतला क्लब बास्केटबॉल त्याने पूर्ण बंद ठेवावा, म्हणजे फुटबॉलचे तीन महिने गुडघ्यांना खरोखर वेगळे काम मिळेल. त्याने फक्त रिसीव्हर म्हणून खेळावे, किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना चेंडू लाथाडल्यावर, धावत जाऊन भिडणाऱ्या तुकडीत जाऊ नये. आणि डोक्याला पहिला मार बसताच तो हंगाम तिथेच संपावा, संघ कितीही पुढे गेलेला असो. ही शेवटची अट मी डॉक्टरांकडे पाहूनच मांडली होती.

डॉक्टरांचे समाधान झाले नाही. रिसीव्हरचे डोळे चेंडूवर असतात आणि धडक बगलेतून येते, ती त्याला दिसतही नाही, असे ते म्हणाले, आणि या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वॉशिंग्टन राज्याने 2009 साली केलेल्या कायद्यानंतर 2014पर्यंत सगळ्या 50 राज्यांत असे कायदे झाले, त्यामुळे कन्कशनची शंका असलेल्या मुलाला मैदानाबाहेर काढावेच लागते. पण ती शंका आली पाहिजे, आणि खेळायची हौस असलेले 16 वर्षांचे पोर डोके दुखते हे कुणाला सांगत नाही. नागपूरकर आणि डॉक्टर नको म्हणत राहिले, कोल्हापूरकर आणि मी हो म्हणत राहिलो.

उठताना पुणेकरांनी खिशातून शाळेचा घडी घातलेला संमतिपत्राचा कागद काढला आणि दिव्याखाली पुन्हा वाचला. डॉक्टरांनी तो त्यांच्या हातून घेतला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि हंगाम सुरू होण्याआधी मेंदूच्या प्रतिसादाची जी प्राथमिक चाचणी करतात ती याची झाली आहे का, असे विचारले. पुणेकर म्हणाले, 9वीत झाली होती. "ती जुनी झाली," डॉक्टर म्हणाले. "माझे मत बदललेले नाही. पण उद्या तू सही करणार असशील, तर त्याआधी नवी चाचणी करून घे. सोमवारी मला फोन कर, कुठे करायची ते मी सांगतो." वहिनींनी कागद परत घेऊन पर्समध्ये ठेवला, आणि आम्ही घराकडे निघालो.