प्रमुख पाहुणे येईपर्यंत जागच्या जागी धावा

फाल्गुन लागला. काजूच्या बागांतून बोंडांचा वास सुटला, शिगम्याच्या ढोलांच्या दोऱ्या ताणल्या जाऊ लागल्या, आणि गोव्यातल्या समस्त धावणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि होतकरू आयर्नमनांना एकच चिंता पडली: थंडीत कमावलेलं आता टिकवायचं कसं? चिंता सोडा. गेल्या रविवारी एका हाफ मॅरेथॉनमध्ये, म्हणजे २१.१ किलोमीटरच्या स्पर्धेत, मला या विषयाचं इतकं सखोल शिक्षण मिळालं आहे की ते एकट्याच्या पोटात ठेवणं पाप ठरेल. रविवारपासून माझ्या पोटात तसंही काही ठरत नाही.

सगळ्यात आधी, थंडी संपली हे मान्यच करू नका. जानेवारीत बांबोळीच्या चढावर तुम्ही गप्पा मारत धावत होता ना, मग तोच पेस, म्हणजे धावण्याचा वेग, मार्चातही निघालाच पाहिजे. घड्याळात छातीचे ठोके १४५ ऐवजी १७० दिसले तर घड्याळ बिघडलं असं समजा आणि नवीन घ्या. कुणी सांगेल की पहाटे पारा २४ वर असला तरी हवेतला दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास असतो, घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि न सुकलेला घाम अंग गार करत नाही. मग शरीर रक्त कातडीकडे पाठवत बसतं आणि पायांना पुरवठा करायला हृदयाला दुप्पट राबावं लागतं. असल्या शाळकरी माहितीने कुणाचा पीबी, म्हणजे स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ, झालाय का?

उन्हाची सवय करून घ्यायला माणसाच्या शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, रोज थोडं थोडं. हे दिवस वाया घालवू नका. आठवडाभर पाटोच्या एसी ऑफिसात बसा, एसी गाडीतून ताळगावला एसी जिममध्ये जा, एसीखाली ट्रेडमिलवर पळा, आणि रविवारी थेट एकवीस किलोमीटर उन्हात उतरा. शरीराला असे सुखद धक्के दिले पाहिजेत.

मीठ वर्ज्य. दोन तासांनी काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटतात ते मीठच असतं, पण ते बाहेर गेलं ते बरंच झालं असं मानून वरून साधं पाणी ढोसत राहा. रक्तातलं सोडियम उतरून डोकं गरगरायला लागलं की त्याला रनर्स हाय, म्हणजे धावण्याची धुंदी, म्हणतात. आजी देत होती ते कोकमाचं मीठ-साखर घातलेलं सरबत चुकूनही बाटलीत भरू नका. त्याच्या पाकिटावर परदेशी माणसाचा फोटो नसतो.

धावताना चोखायच्या एनर्जी जेलचं रिकामं पाकीट रस्त्यावर टाका, ते आपोआप विरघळतं.

शिगमोत्सवाच्या चित्ररथ मिरवणुकीत शनिवारी रात्री एकपर्यंत नाचा आणि चारला लाँग रनला हजर राहा. झोप उन्हाळ्याच्या सुट्टीत घेता येते.

सायकलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण ते वेगळे असतात. चोर्लाच्या रस्त्याने जाताना तिघांनी शेजारी शेजारी चाला, म्हणजे मागच्या कदंबा बसच्या ड्रायव्हरला तुमच्या नव्या जर्सीची पाठ नीट वाचता येईल. दिवाडीच्या फेरीबोटीवर सायकल अशी आडवी लावा की बाजाराला निघालेल्या बायकांना आपल्या टोपल्या डोक्यावरच ठेवाव्या लागतील. त्यांचाही व्यायाम होतो. आणि गावातल्या वळणावर समोरून पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, आला तर त्याच्यावर जरूर खेकसा. त्याच्या सायकलला ना गिअर ना कार्बन फ्रेम. मागे उंडे आणि पोळ्या अशा पावांनी भरलेली भलीमोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक, हँडलला रबरी भोंगा, पायात चपला, आणि टोपलीच्या ओझ्याने मागचं चाक प्रत्येक खड्ड्यात असं बसतं की बघणाऱ्याचंच कंबरडं मोडावं. रोज, बारा महिने, जुलैच्या पावसातसुद्धा. त्याला एन्ड्युरन्स म्हणजे काय ते कळावं म्हणून घंटी जोरात वाजवा. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायची लांब सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी केल्याचं पदक गळ्यात असेल तर तेही दाखवा.

ज्यांच्या नजरेत ऑक्टोबर-नोव्हेंबरची हाफ आयर्नमन आहे, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं, त्यांनी तर आत्ताच सगळा दारूगोळा उडवून टाकावा. २०१९ साली मिरामारला ती स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हापासून आपल्याकडे दर फाल्गुनात काहीजण नव्याने जन्म घेतात आणि मृगाच्या पहिल्या सरीला मावळतात. पावसाळ्यात समुद्र पोहायला बंद, रस्ते खड्ड्यांत, गुडघे फिजिओकडे. हळूहळू पाया घालायचे महिने हेच, मार्च-एप्रिल-मे, असं जुनी माणसं सांगतात. जुनी माणसं बोअर असतात.

आता मुख्य विद्या. स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी आहे, पण तुम्हीही लक्षपूर्वक वाचा, कारण उद्या तुम्हीसुद्धा एखादी भरवाल. गोव्यात हल्ली लग्नाच्या हॉलपेक्षा हाफ मॅरेथॉनची तारीख आधी बुक होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर स्पर्धा ठेवायची तर फ्लॅग ऑफ पहाटे साडेपाचचा जाहीर करावा. पोस्टरवर उगवता सूर्य छापावा. लोकांना पावणेपाचला यायला सांगावं. लोक येतात हो! मडगावहून, सावर्ड्याहून, पेडण्याहून, रात्री तीनला उठून, केळं खाऊन, बायकोची झोपमोड करून येतात. मग स्टेजवर झुंबा सुरू करावा. स्पीकर इतके मोठे लावावेत की पहिल्या रांगेतल्यांच्या बरगड्या थरथरतील. साडेपाच वाजतात. निवेदक म्हणतो, "बस, पाचच मिनिटं!" पावणेसहा. "प्रमुख पाहुणे वाटेत आहेत!" वाटेत म्हणजे अंथरुणातून बाथरूमच्या वाटेत, हे गोव्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सहा. पुन्हा झुंबा. आता पहिल्या लाइनीत उभे असलेले जागच्या जागी उड्या मारतायत, मागचे फुटपाथवर बसलेत, आणि आम्ही, म्हणजे तीन तास घेणारी मंडळी, उभ्या उभ्या घामाने थबथबलो आहोत. अजून एक पाऊल टाकलेलं नाही. सव्वासहाला गाड्या आल्या. मग पुष्पगुच्छ. मग दुसरा पुष्पगुच्छ, कारण सोबत आणखी कुणीतरी होतं. मग समई. पहाटेच्या खाऱ्या वाऱ्यात समई पेटेना, तर चार माणसं हातांचा आडोसा करून उभी. मग भाषण. पाहुणे म्हणाले, आरोग्य हीच खरी संपत्ती. त्यांना कसं कळलं असेल बरं? मग, "मी दोनच शब्द बोलतो," असं म्हणून आयोजकही बोलले. सहा पंचवीसला झेंडा पडला आणि पाहुणे झेंड्यासह फोटो काढून चहाला गेले. ते धावले नाहीत.

आता हिशेब करा. तीन तासांत पूर्ण करणारा माणूस साडेआठच्या सुमारास घरच्या वाटेला लागायचा, तो साडेनऊला फिनिश लाइनीवर. मार्चात गोव्यातले साडेआठ आणि साडेनऊ हे दोन वेगळे तालुके आहेत. साडेआठपर्यंत एखाद्या माडाची, एखाद्या कंपाउंडच्या भिंतीची सावली सापडते. नंतर सावली पायाखाली सरकते, आणि रायबंदरच्या त्या जुन्या पोर्तुगीज बांधावर तर तीही नाही. तीनेक किलोमीटरचा सरळ पट्टा, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुनी मिठागरं आणि खारफुटी. दोन्हीकडून ऊन आरशासारखं डोळ्यांत. १६३३-३४ मध्ये तो बांध घातला त्या पोर्तुगिजांना कल्पना नव्हती की तिथे एक दिवस दमट हवेत माणसं पैसे भरून भाजून घेतील.

पण हीच तर कसोटी! म्हणून पाण्याचंही नियोजन नीट हवं. पाणी किती लागेल याचा अंदाज थंडीतल्या स्पर्धेवरून घ्यावा. पहिल्या दोन पॉइंटवर बाटल्यांचे डोंगर रचावेत, कारण तिथे फोटोग्राफर असतो. पुढच्या लाटेतले दीड तासवाले भरधाव येतील, अर्धा लिटरची बाटली उचलतील, एक घोट पितील, उरलेली डोक्यावर ओततील आणि बाटली गटारात फेकतील. स्टाइल आहे ती, टीव्हीवर केनियन धावपटू करतात. नंतरच्या मंडळींनी मग तोंडाची हवा गिळावी.

चौदाव्या किलोमीटरच्या पॉइंटवर मी पोचलो तेव्हा टेबलावर निळी चादर होती, चादरीवर ओला वर्तुळाकार डाग होता आणि टेबलामागे पिवळ्या टी-शर्टातली एक कॉलेजची मुलगी उभी होती. तिच्या हातात रिकामा जार होता, तो तिने उलटा करून दाखवला. "काका, उदक सोंपलां," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला होता की जणू ते तिनेच प्यायलंय. तिने म्हणे तासाभरात पाच वेळा फोन केला होता. फोन घेणारा माणूस पाहुण्यांच्या चहाच्या व्यवस्थेत होता. माझ्यापुढे एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पहिलीच हाफ. त्या रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, पाय पसरून, आणि घाम थांबला होता त्यांचा. घाम थांबणं म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याच्या पोटात गोळा येतो. शेजारच्या गाड्यावाल्या बाईने मिरचीची भजी सोडता सोडता गॅस बंद केला, आतून कळशी आणली आणि आधी त्यांच्या मानेवर, मग डोक्यावर ओतली. मग मीठ घालून ग्लासभर प्यायला दिलं. घोट घोट. तिला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, तिच्या गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्डही नव्हतं. अँब्युलन्स फिनिशला होती. बर्फही तिथेच होता, मंडपात, सरबतांच्या बादलीत.

आणि संध्याकाळी पोस्ट पडली: "अभूतपूर्व प्रतिसाद! यशस्वी आयोजनाबद्दल सर्वांचे आभार!" खाली दोनशे हात जोडलेले. तुम्हीही हात जोडा. मेडलचा फोटो टाका, दातात धरलेला. संध्याकाळी हुर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या दारूत, लिंबू आणि मीठ घालून रिकव्हरी घ्या; निदान तेव्हा तरी मीठ पोटात जाईल.

बरं, आता पुरे झालं हे.

अहो आयोजक, तुम्हाला कुणी सांगितलं होतं की पाहुणा हवाच? कुणाला हवा असतो? छातीवर नंबराचं बिब लावून उभ्या असलेल्या एकाही माणसाने कधी आयोजकांना विचारलंय का, की या वर्षी पाहुणे कोण? पाहुणे तुम्हाला हवे असतात, परवानग्या सोप्या जाव्यात म्हणून, पेपरात फोटो यावा म्हणून. तर त्यांना बक्षीस समारंभाला बोलवा ना. नऊला, मंडपात, पंख्याखाली. समई तिथे पेटवा, वाराही नसेल. पण साडेपाच म्हटलं की साडेपाच. स्टेजवर कुणी असो वा नसो, एखाद्या व्हॉलंटिअर पोराने शिट्टी मारली तरी माणसं धावतात.

२०२३ च्या मार्चात उष्णतेचा इशारा आला तेव्हा सरकारने शाळा दुपारी बाराच्या आत सोडायला लावल्या होत्या. पोरांना वर्गातून उठवून घरी पाठवायची बुद्धी आपल्याला आहे, आणि मोठ्या माणसांना तासभर उशिरा सोडून उन्हात पळवायचं यात काही वावगं वाटत नाही? फेब्रुवारी सरला की हाफ मॅरेथॉन पाचला सोडा, नाहीतर भरवूच नका, दहा किलोमीटर ठेवा. पाण्याचा हिशेब पहिल्या धावकावरून नव्हे, शेवटच्यावरून करा. मागे एक गाडी ठेवा, तिच्यात पाणी, मीठ आणि बर्फ. उष्माघाताच्या माणसाला आधी जागेवर गार करायचं असतं, मग हॉस्पिटल. तुमच्या मेडिकल टीमला हे माहीत असेल, पण ती टीम चौदाव्या किलोमीटरवर नव्हती.

आणि पुढे पळणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. ती बाटली मागच्या माणसाची होती. तुमच्या डोक्यावर ओतलेलं पाणी त्या बाईंच्या घशात जायचं होतं. डोकं थंड करायचं असेल तर स्पंज मागा, आयोजकांकडे आग्रह धरा, कमरेला आपली बाटली बांधा. फास्ट असाल तुम्ही, पण शहाणे मुळीच नाही.

आणि आम्ही मागचे? आम्ही तर उभे राहून टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी "जोश है का?" विचारलं तेव्हा "है!" म्हणून ओरडलो, तेही पंचावन्न मिनिटं उशिरा. कशाला ओरडलो? पुढच्या वेळी साडेपाचला झेंडा पडला नाही तर बिब काढून टेबलावर ठेवा आणि नोंदणीचे पैसे परत मागा. एकाने मागितले तर हसतील. तीनशे जणांनी मागितले, तर बघा त्यापुढच्या वर्षी पाहुणे कसे पावणेपाचलाच झुंबा करताना दिसतात.