एथिक्स म्हणे स्कोअरिंग विषय आहे!

आत्ताच आमच्या कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या हॉलमधून घरी आले. दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार होता. इतका संताप झालाय की जेवणही गेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

प्रमुख पाहुणे स्पर्धा परीक्षेचे क्लास घेणारे. आधी शाहू महाराजांच्या फोटोला हार घातला, मग माईक घेऊन पोरांना म्हणाले, "यूपीएससीला एथिक्सचा, म्हणजे नीतिशास्त्राचा पेपर 250 मार्कांचा असतो. एकदम स्कोअरिंग. उत्तरात सगळं लिहायचं, पण जगण्यात आणायला गेलात तर संपलात! आधी यशस्वी व्हा, चांगलं व्हायचं नंतर बघा."

आणि टाळ्या. पोरांच्या कमी, आई-बापांच्या जास्त!

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे सांगायचं? तेही तालमीत? अहो, आधी कुस्ती मारा, जोर-बैठका नंतर काढू, असं कुठला वस्ताद सांगतो? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी हेच सांगून ठेवलंय. न्यायानं वागून वागूनच माणूस न्यायी होतो, धीरानं वागून वागूनच धीराचा होतो. पस्तिशीपर्यंत लबाडीचा सराव केलेला माणूस छत्तिसाव्या वर्षी खुर्चीत बसल्यावर अचानक सरळ कसा वागेल? सराव ज्याचा केला तेच अंगात येणार.

माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. सुट्टीत आम्ही सगळी भाचरं तिथंच पडून असायचो, काकवी चाटत. त्या वेळी आजूबाजूच्या गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, टाकायची पद्धत सर्रास पडली होती. पावडर टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो, आणि मार्केट यार्डात सौद्याला पिवळ्या गुळाला भाव चढा मिळतो. मामा भेंडीचं पाणी घालून मळी काढायचे, बास. त्यांचा गूळ तांबूस-काळपट निघायचा. अडत्या म्हणायचा, "अण्णा, थोडी पावडर टाका की, रंग बघा कसा येतोय." मामा हसून सोडून द्यायचे. घरी आल्यावर मामी मात्र सोडायच्या नाहीत. मग मामा एकच म्हणायचे, "माझी भाचरं खात्यात ह्यो गूळ. परक्याची पोरं खाणार त्यो येगळा कसा करू?"

आता यातली खरी गंमत ऐका. जे पावडर टाकायचे, त्यांच्यातले कित्येकजण घरच्यासाठी बिनपावडरचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, वेगळे काढून ठेवायचे! बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं आणि जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचला तेव्हा मला ते रवे आठवले. कांट एवढंच विचारतो: तुम्ही ज्या नियमानं वागताय, तो सगळ्यांनी पाळलेला तुम्हाला चालेल का? आणि समोरच्याला माणूस म्हणून मानताय, की नुसतं साधन म्हणून वापरताय? घरचा रवा वेगळा ठेवणाऱ्यानं स्वतःच उत्तर देऊन टाकलेलं असतं.

कुणी म्हणेल, हे फार कडक झालं, आपण आपला फायद्या-तोट्याचा हिशेब बघावा. बघा ना! बेंथम आणि मिल हे इंग्रज तत्त्वज्ञ हिशेबच मांडायला सांगतात. पण त्या हिशेबात प्रत्येकजण एक म्हणून धरायचा असतो, आपलं घर दहा आणि बाकीचे शून्य असं चालत नाही. सौद्यातले चार पैसे एका बाजूला मांडा आणि तो गूळ रोज चहातून पिणारी सगळी घरं दुसऱ्या बाजूला मांडा. मग सांगा.

हो, गिऱ्हाईकालाच पिवळा गूळ लागतो, हे खरं आहे. मामींच्या पाटल्या एका साली गहाण पडल्या, हेही खरं आहे. आणि पोटाला चिमटा घेऊन चांगलं जगणं अवघड असतं, हे ॲरिस्टॉटलही मान्य करतो. थोडा पैसा, तब्येत, जिवाची माणसं लागतातच म्हणतो. आपल्याकडच्या चार पुरुषार्थांतही अर्थ आहे, काम आहे. पण धर्म पहिला घेतलाय. निवृत्तीनंतर बघू म्हणून शेवटाला ढकललेला नाही.

पाहुण्यांचं म्हणणंसुद्धा काही नवं नाही. ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो, त्यानं एका मेंढपाळाची गोष्ट सांगितलीय. गायजेस त्याचं नाव. त्याला एक अंगठी सापडते, खडा आत फिरवला की तो कुणाला दिसत नाही. मग काय, राजाला मारतो आणि राज्य घेतो. पकडलं जाणारच नसेल तर चांगलं का वागायचं? ती पावडर म्हणजे दुसरं काय आहे? गुळात मिसळली की कुणाला दिसते? पण प्लेटो तिथं थांबत नाही. अख्खा ग्रंथ खर्ची घालून तो दाखवतो की असा माणूस आतून विस्कटलेला असतो, त्याच्या मनावर त्याचंच राज्य उरत नाही. पाहुण्यांनी अर्धीच गोष्ट उचलली आणि पोरांच्या हातात अंगठी देऊन गाडीत बसून निघून गेले.

आणि हार कुणाला घातला? ज्या राजानं 1902 साली मागासलेल्या समाजांसाठी 50 टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या, त्याला. गादी होती, मान होता. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात सगळ्यांसमोर चहा प्यायला महाराजांना कुठल्या परीक्षेत मार्क मिळणार होते? उलट शिव्याच खाल्ल्या. "नंतर बघू" त्यांना परवडलं असतं. या शहरात उभं राहून तुम्ही पोरांना "नंतर बघा" सांगता!

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. बारावी झालेली, वडील रिक्षा चालवतात. हळूच म्हणाली, "मॅडम, ते म्हणाले ते खरं असेल तर मग अभ्यास कशाला करायचा?" राग तिथंच निम्मा उतरला. तिला मनात खोल कुठंतरी माहीत आहे की अधिकारी व्हायचं ते कशासाठी. ते आपणच पुसून टाकतोय.

तिला मामांची गोष्ट सांगितली. गुऱ्हाळ पुढं बंद पडलं, हेही सांगितलं, लपवलं नाही. तिनं विचारलं, "मग मामांना वाईट वाटलं नाही?" वाटलं. खूप वाटलं. पण म्हातारपणी मार्केट यार्डातून जाताना जुने हमाल उठून उभे राहायचे आणि मामा प्रत्येकाच्या घरची चौकशी करत थांबायचे, यार्ड ओलांडायला तासभर लागायचा. याला मी चांगलं जगणं म्हणते. दुसरं काही म्हणणारे म्हणोत.

तालमीच्या सेक्रेटरींशी फोनवर बोलले आहे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता अभ्यासिकेत बसणार आहे. प्लेटो, ॲरिस्टॉटल, कांट, मिल आणि महाराजांचा 1902 चा आदेश, एकेक घेऊ. फी नाही. पोरांना पाठवा, आणि आज टाळ्या वाजवणाऱ्यांनी स्वतःही या.