खुलासा: ‘ते मूळचंच आहे’ हे खरं नाही

‘डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती चाळिशीनंतर विसरू लागली तर ते मूळचंच, तपासणीचा उपयोग नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. या व्यक्तींमध्ये २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असते. मेंदूत अमायलॉइड (पेशींना घातक चिकट थर) साचवणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, म्हणून अल्झायमरचा, म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आणणाऱ्या मेंदूच्या आजाराचा, धोका लवकर आणि जास्त. पण प्रत्येक बदल डिमेन्शियाच नसतो! थायरॉइड, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, झोपेत श्वास अडणं, नैराश्य यांतूनही तसंच दिसतं, आणि त्यांवर उपचार आहेत. तिशीतच आंघोळ, जेवण, बोलणं कसं जमतं ते लिहून ठेवा, व्हिडिओ काढा. तुलना करायची ती त्या व्यक्तीच्याच कालच्या क्षमतेशी, इतरांशी नव्हे.